लेकीचा पाय आणि माझी कंबर

माझी मुलगी मैत्री पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचं डोकं नव्हे, पाय आधी बाहेर आले. सिझरची तयारी चालू होती, तेवढा दम तिनं काढला नाही. नर्सबाईंनी वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगितलं, "पायाळू हाय गं बाई!" आणि पेढ्यांच्या आधी ती बातमी निपाणीतल्या आमच्या गल्लीत पोचली.

आमच्याकडं पायाळू माणसाच्या पायात औषध असतं, अशी समजूत आहे. उसण भरली, कंबर धरली, की पालथं पडायचं आणि पायाळू माणसानं कंबरेवर तीनदा टाच टेकवायची. मैत्री एकवीस दिवसांची असताना शेजारच्या तानाक्का दारात उभ्या राहिल्या. तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेली बाई. म्हणाल्या, "बाळाचा पाय नुसता लाव रं कंबरंला. तिला काय तरास न्हाय व्हायचा."

मी भडकलो. दिवसा मी एका सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरतो आणि उरलेल्या वेळात चळवळीचं काम करतो. अंधश्रद्धेच्या विरोधात, कामगारांच्या बाजूनं. माझ्याच घरात, माझ्याच लेकीचा असा अंगारा होणार? त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मथळा होता: 'माझ्या लेकीचा पाय तुमच्या कंबरेला लागणार नाही!' खाली सवाल, सवालाखाली जबाब, आणि शेवटची ओळ: 'कंबर दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, पट्टा लावा, पूर्ण विश्रांती घ्या.'

बोरगावपासून चिकोडीपर्यंत वाटलं मी ते. शेवटची ओळ लिहिताना मात्र कुणालाही विचारलं नव्हतं. ती ओळ लक्षात ठेवा. पुढं तिनं मला पलंगावर आडवं केलं.

मोरीत

माझं वय एकतीस. कंबर म्हणजे पन्नाशीनंतरची भानगड, असं तुमच्यासारखंच मलाही वाटायचं.

माझी बायको सुजाता चिकोडीला तालुका कचेरीत क्लार्क आहे. ती आठच्या बसनं जाते. त्यामुळं सकाळ माझी. मैत्रीला उठवणं, आंघोळ, वेणी, डबा, अंगणवाडी. मग केंद्रातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर सात तास. मग मोटारसायकल. आज कोगनोळी, उद्या चिकोडी, परवा आणखी कुठं. पाठीवरच्या पिशवीत कागदाचे गठ्ठे.

त्या सकाळी मैत्री टबमध्ये बसली होती. अडीच वर्षांची. मी फोन कान आणि खांदा यांच्यात धरून छापखानावाल्याशी दुसऱ्याच एका पत्रकाच्या कन्नड बाजूच्या चुकांवरून भांडत होतो. भांडता भांडता गुडघे ताठ ठेवून वाकलो, एका अंगाला वळलो, आणि पाण्यानं निथळणारी, हातपाय झाडणारी पोरगी उचलली.

कंबरेत 'कट्' झालं. आवाज दुसऱ्या कुणाला आला नसेल, मला आला. मैत्री माझ्या हातातून सुखरूप परत टबात बसली आणि मी मोरीत गुडघ्यांवर. फोनमधून छापखानावाला "हॅलो, हॅलो" करत होता. मैत्रीला वाटलं, पप्पा घोडा झाला. "पुन्ना! पप्पा, पुन्ना!"

आतल्या खोलीतून माझे वडील आले. आप्पा. वय अडुसष्ट. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सगळी हयात पोती वाहिलेला माणूस. त्यांनी नातीला एका झोक्यात खांद्यावर घेतलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "कागुद वाहून वाहून कंबर मोडली म्हणायची."

हक्क

गावातल्या डॉक्टरांनी नीट तपासलं. पाय वर उचलून बघितले, टाचेवर-चवड्यावर उभं केलं, हातोडीनं गुडघे ठोकले. म्हणाले, "गंभीर काही दिसत नाही. दोन दिवस जपा, मग हळूहळू हिंडाफिरायला लागा. फोटोबिटो काढायची गरज नाही."

मी म्हणालो, "एमआरआय पायजे. पेशंटचा हक्क हाय तो."

डॉक्टर म्हणाले, "हक्क आहेच. गरज नाही म्हणतोय मी."

मोर्च्यात बोलायची सवय झालेल्या माणसाला या दोन शब्दांतला फरक पटकन कळत नाही. मी बेळगावला जाऊन एमआरआय काढलाच. त्या नळीत पडल्यावर वखारीच्या पत्र्यावर कुणीतरी हातोडा चालवतंय असं वाटलं. तेव्हासुद्धा डोक्यात कुतूहल होतं, की माझ्या आत आता काय दिसत असेल.

दिसलं ते कागदावर आलं. डॉक्टरांना दाखवायच्या आधी मी गाडीतच पाकीट फोडलं. मणक्यांची नावं, 'डिस्क बल्ज', आणि एक शब्द: 'डीजनरेशन'. झीज. एकतिसाव्या वर्षी. मग फोन काढला आणि तो शब्द शोधला. फोननं मला अर्ध्या तासात व्हीलचेअरवर बसवलं. येताना मागच्या सीटवर आडवा पडून होतो. हत्तरगी आलं, संकेश्वर गेलं, मला फक्त गाडीचं छत दिसत होतं. हक्कानं मिळवलेल्या माहितीनं माणूस इतका घाबरू शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पूर्ण विश्रांती

डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते. मी तीन आठवडे पडलो. माझ्याच पत्रकाच्या शेवटच्या ओळीप्रमाणं. पट्टा लावला, तो आंघोळीपुरता काढायचा. कूस बदलायची तर आधी श्वास धरायचा. शिंक आली की मरणच. बाहेर ऊन उतरलं की नाही, ते भिंतीवरच्या उजेडाच्या पट्ट्यावरून कळायचं.

गंमत बघा. पहिल्या आठवड्यात मला बऱ्यापैकी वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात मी मोरीपर्यंत भिंत धरून जात होतो. विश्रांती वाढत होती तशी कंबर बिघडत होती. चळवळीत आम्ही म्हणतो, प्रश्न विचारा. मी तीन आठवडे एकही प्रश्न विचारला नाही.

सुजाताच्या रजा संपल्या. एके दिवशी ती साडीला पिन लावता लावता म्हणाली, "अहो, मी साहेबांना काय सांगू? नवऱ्याची कंबर अजून संपावर आहे म्हणून?"

"मी काय मुद्दाम पडलोय व्हय?"

"तसं म्हटलं नाही मी. पण विचारा की तिला, मागण्या काय आहेत ते."

ती हसली नाही. मीही नाही. बस चुकली तिची त्या दिवशी.

पण खरा घाव दुसराच बसला. मैत्री रोज पलंगाशी यायची आणि दोन्ही हात वर करायची. "उचल." मी म्हणायचो, "नको बाळा, पप्पाला बाऊ झालाय." दहा दिवस, पंधरा दिवस. मग एके सकाळी ती आली, हात अर्धे वर केले, माझ्याकडं बघितलं, आणि स्वतःच वळून आप्पांकडं गेली. रडली नाही, रुसली नाही. तिनं हिशेब मिटवला होता: हा माणूस उचलत नाही.

एमआरआयच्या कागदापेक्षा ते मला लागलं. मला धावायचं नव्हतं, डोंगर चढायचे नव्हते. माझ्या लेकीनं परत माझ्यापुढं हात वर करावेत आणि मी तिला उचलावं, एवढंच हवं होतं.

त्याच दुपारी आप्पा उशाशी येऊन बसले. जरा घुटमळले. मग म्हणाले, "पोरीचा पाय लावून बघूया का?"

"आप्पा, माझं पत्रक वाचलं न्हाय का तुमी?"

"वाचलं की. अक्षर झ्याक आलंय."

"मग?"

"मग काय. पडून ऱ्हा."

तेवढं बोलून ते उठून गेले. मला संताप आला. माझ्याच बापाला माझंच पत्रक पटवता आलं नाही, याचा जास्त.

कविता मॅडम

शेवटी गावातल्या डॉक्टरांनीच बेळगावच्या एका फिजिओथेरपीच्या विभागात पाठवलं. लांबट खोली, हिरवे पडदे, ओळीनं पलंग, कोपऱ्यात रबरी पट्टे टांगलेले. आठवड्यातून दोनदा जायचं. ओळखी तिथंच झाल्या. ट्रक चालवणारे, शिक्षक, बँकेतला एक कॅशियर. सगळे बाप. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "घरात सांगितलं न्हवतं हो." पुरुषानं कंबर दुखते म्हणायचं नसतं म्हणे. मग काय म्हणायचं असतं? मणका तुटेपर्यंत 'बरं चाललंय' म्हणायचं?

कविता मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. घरची भाषा कन्नड, मराठी बेळगावी, मध्येच आदराचा कन्नड 'री'. पहिला प्रश्न पट्ट्यावर. "हा कुणी लावायला सांगितला?"

"कुणी न्हाय. मीच लिहिलंय तसं. पत्रकात."

"बरं. खाली पेन पडलंय, ते उचला बघू सर."

मी टेबल धरलं, श्वास कोंडला, एक पाय मागं नेला, आणि तोंड वाकडं करत अर्ध्यातच थांबलो.

"दुखलं?"

विचार केला. "न्हाय. दुखंल असं वाटलं."

"हां. तेच बघायचं होतं मला. भिऊ नका री. कंबर काचेची नसते."

मग मी प्रश्न काढले. वहीत लिहूनच नेले होते, अठ्ठावीस. ती झीज? त्या म्हणाल्या, "तुमच्या वयाची, काही दुखत नसलेली माणसं रस्त्यावरनं धरून आणली आणि एमआरआय काढले, तरी कितीतरी जणांत असलं काहीतरी दिसतं. केस पिकतात तसं ते. रिपोर्ट खोटा नाही. पण तो तुमच्या दुखण्याचा फोटो नाही." झोपून का बिघडलं? "स्नायू वापरले नाहीत तर विसरतात. आणि तुम्ही भिऊन सगळं अंग आवळून धरलंय. दिवसभर मूठ आवळून ठेवा बघू, हात दुखतो का नाही?" वाकायचंच नाही का आता? "वाकायचं की. शिकून वाकायचं, रोज वाकायचं."

शेवटचा प्रश्न विचारताना मला लाज वाटली. पायाळूच्या टाचेनं लोकांना बरं का वाटतं?

मला वाटलं, त्या हसतील. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "बहुतेक उसण काही दिवसांत, काही आठवड्यांत आपोआप उतरते सर. त्या दिवसांत जो शेवटचा भेटला त्याला श्रेय मिळतं. कधी टाचेला, कधी तेलाला. कधी मलासुद्धा. पण म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेवर जोर देऊ नका हं कुणी. हाडं ठिसूळ असतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "टाच लावल्यावर ती माणसं करतात काय, ते विचारलंय का कधी?"

नव्हतं विचारलं. पत्रक लिहिलं होतं, विचारलं नव्हतं.

कोगनोळीचा नाका

व्यायाम साधे होते. इतके, की माझा अपमान झाल्यासारखं वाटलं. तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो, पण आधी कुणाकडून तरी तपासून घ्या.

पहिला, चालणं. दहा मिनिटांनी सुरुवात, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. दुसरा, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर सावकाश वर उचलायची. पूल. तिसरा, घोडा व्हायचं आणि विरुद्ध बाजूंचे हात-पाय लांब करायचे, डावा हात, उजवा पाय. चौथा, पालथं पडून हातांच्या जोरावर छाती उचलायची. पाचवा, वजन उचलायला शिकणं. पाय फाकवून, वजनाजवळ जाऊन, गुडघे आणि खुबे वाकवून, वजन छातीशी धरून, श्वास न कोंडता. आणि उचलून वळायचं असेल तर पावलं टाकून वळायचं, कंबर पिळून नाही.

"वेळ कुठाय?" असं मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पत्रकाला वेळ असतो की."

सकाळ माझी असते, मग सकाळीच बसवलं. दूध तापेपर्यंत पूल. मैत्री दात घासेपर्यंत घोडा. केंद्रात मी स्टुल भिंतीशी नेलं आणि दर चार अर्जांनंतर उठून दारापर्यंत जायला लागलो. मालक म्हणाला, "काय रं, बाहेर कुणाची वाट बघतोस?" म्हटलं, कंबरेची.

पुलाचा शोध मैत्रीनं लावला. मी कंबर उचलली की खालून तिचा प्लास्टिकचा ट्रक जायला वाट होते. एकदा तिनं ट्रक मध्येच अडवला आणि हात दाखवला. "थांब! गाडी थांब!" माझ्याबरोबर मोटारसायकलवर तिनं सीमेवरचा कोगनोळीचा नाका बघितलेला. गाड्या थांबवून काचेत डोकावणारे पोलीस बघितलेले. आता आमच्या घरात रोज सकाळी माझ्या कंबरेखाली नाका लागतो. ट्रक महाराष्ट्रात जायचा की कर्नाटकात थांबायचा, ते ती ठरवते. तपासणी होईपर्यंत कंबर खाली आणायला परवानगी नाही. मॅडमनी दहा सेकंद सांगितले होते. नाक्यावर कुणी दहा सेकंदात सुटलंय का कधी?

मला कुतूहल लागलं ते इथं. काल आठवेळा, आज दहावेळा. सकाळी ताठ, दुपारी मोकळं. मोटारसायकलवर अर्धा तास चालतं, पाऊण तासानं कुरकुर. मी वही घातली. स्वतःच्या शरीराला मी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होतो आणि ते उत्तरं देत होतं.

सगळं सरळ झालं असं मात्र समजू नका. दुसऱ्या महिन्यात चिकोडीच्या बैठकीला गेलो, खड्ड्यातून आलो, आणि पुन्हा कंबर धरली. तीच कळ, तीच भिंत. मी रडलो, सुजातासमोर. ती पलंगाकडं जाऊ देईना. "मॅडमनी चालायला सांगितलंय. चला, मीपण येते." गल्लीत आम्ही दोघं, तिच्या खांद्यावर माझा हात. तानाक्का दारातून ओरडल्या, "लगीन झाल्यावर तरी असं फिरलासा का रं?" हसताना दुखलं, पण हसलो.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येऊ दे की. परत येणारच. मागच्या वेळेपेक्षा लवकर गेलं का, ते बघा." गेलं. सहा दिवसांत.

कागदाचं वजन

वजन उचलायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, उचलायचं काय? दुकानातली वजनं घ्यायची नव्हती. माळ्यावर गठ्ठे होते. त्याच पत्रकाचे. पाचशेचा एक गठ्ठा, किलोच्या थोडा वर. अंगणवाडीच्या काट्यावर मैत्री भरली साडेअकरा किलो. दहा गठ्ठे म्हणजे एक मैत्री.

नायलॉनच्या पिशवीत दोन गठ्ठे घालून सुरुवात केली. मग तीन, मग चार. दर आठवड्याला 'माझ्या लेकीचा पाय तुमच्या कंबरेला लागणार नाही' एका गठ्ठ्यानं वाढत होतं. आप्पा उंबऱ्यात बसून बघायचे. "वाईच जवळ घे. पोतं असं लांब धरत्यात व्हय? पोटाला लावायचं." मॅडम सांगायच्या तेच, शब्द वेगळे.

सहा गठ्ठे झाले त्या दिवशी मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसलो. मॅडमचा प्रश्न डोक्यात होता.

"आप्पा, वखारीत कुणाची कंबर धरली तर काय करायचासा?"

"धोंडीरामाकडं. आमच्याच टोळीत व्हता. पायाळू."

"लाथ मारायचा?"

"लाथ कसली रं. पोत्यावर पालथं घालायचं आन् त्यानं तीनदा टाच टेकवायची. मुंगी मरायची न्हाय."

"आणि मग?"

"मग पथ्य."

"कसलं पथ्य?"

"तीन दिस वजन उचलायचं न्हाय. पण पडायचं बी न्हाय. वखारीतच ऱ्हायचं. रिकामी पोती झाडायची, सुतळी वळायची, हिकडनं तिकडं हिंडायचं. चौथ्या दिशी अर्धं पोतं. मग पुरं."

मॅडमनी सांगितलेलं सगळं होतं ते. थोडं जपा, पडून राहू नका, चालत राहा, वजन पायरीपायरीनं वाढवा. मी विचारलं, आणि हे मुकादमाला चालायचं? तीन दिवस हमालानं सुतळी वळलेली?

आप्पा हसले. "दुखतंय म्हटलं तर मुकादम म्हणायचा, घरी जा, उद्या येऊ नगंस. पर पायाळूचं पथ्य मोडाय लावलं तर त्येचं पाप आपल्याला लागतंय, ही भीती त्येलाबी. मग गप बसायचा."

"हे पथ्य कुणी ठरवलं?"

"आमीच. आनि कोण ठरवणार?"

मग विचारलं, "धोंडीराम खरंच पायाळू होता?"

"त्येच्या आईला ठावं. आमी कुणी इचारलं न्हाय."

बघा म्हणजे. ज्यांना मी अडाणी समजून पत्रक वाटलं, त्यांनी कुठल्याही कायद्याविना, युनियनविना, एका माणसाच्या टाचेआड हलक्या कामाचे तीन दिवस लपवून ठेवले होते. ती टाच खोटी असेल. ते तीन दिवस खरे होते. मी टाच खोडून काढली आणि तिच्या जागी 'पूर्ण विश्रांती' लिहिली. ती विश्रांती यांच्यातल्या कुणालाच कधी परवडली नसती, आणि माझ्यासारख्या ज्याला परवडली त्याचं तिनं वाटोळं केलं.

"मग मला पोरीचा पाय लावूया म्हणालासा, ते...?"

आप्पा उठले. गुडघ्यावर हात टेकून, पाठ सरळ ठेवून, जसे ते नेहमी उठतात आणि मी कधी बघितलं नव्हतं. "तू उठतच न्हवतास रं. उठाय काय तरी निमित्त पायजे की माणसाला."

तानाक्कांची दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी मी तानाक्कांकडं गेलो. पत्रक न घेता. म्हटलं, चुकलो. त्या विड्या वळत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "तुजा कागुद वाचून घेतलता मी नातवाकडनं. इश्रांती घ्या म्हनं. मी पडल्यावर ह्या विड्या काय तुजा बा वळणार?"

"माझा बा वळंल. त्याला सुतळीची सवय हाय."

तेव्हा त्या हसल्या. आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवली. चार बंडलं झाली की सूप खाली ठेवायचं, उठायचं, चौकटीला हात लावून मागं वाकायचं, दारापर्यंत जाऊन यायचं. त्यांच्या ओळीतल्या सहा बायका आता तसं करतात. बोलावतात एकमेकींना, "चला गं, उठायची वेळ झाली." औषध नाही ते. तानाक्कांची कंबर अजून दुखते. "पर आता ती म्हणंल तवा मी उठत न्हाय, मी उठतो तवा ती गप बसती," असं त्या म्हणतात. हे वाक्य माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

नव्या पत्रकात मी टाचेबद्दल तेच लिहिलंय: तिच्यात औषध नाही. पण शेवटची ओळ बदललीय: 'दोन दिवस जपा, पण पडून राहू नका, हिंडत राहा.' आणि एक चौकट घातलीय, ती इथंही देतो, कारण प्रत्येक कंबर व्यायामाची नसते. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातलं बळ जायला लागलं, ताप आहे, उगाच वजन उतरतंय, किंवा पडून-आपटून दुखतंय, तर व्यायाम नको, चालणं नको, टाच तर नकोच. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पथ्य

दहावा गठ्ठा मी मागच्या महिन्यात उचलला. तरी मैत्रीला उचललं नव्हतं. तिनं मागितलंच नव्हतं. आणि आपण होऊन उचलायला मी भीत होतो, कंबरेला नव्हे. तिनं अंग चोरलं तर काय, याला.

रविवार होता. मी चटईवर पालथा, छाती वर उचलून, कोपर टेकून. सुजाता पोहे परतत होती. मागून बारीक पावलं आली, आणि आप्पांचं बोट धरून मैत्रीनं माझ्या कंबरेवर पाय ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा शपथेवर सांगतात. चढायचं होतं तिला, नाक्याच्या वर. ऊबदार, पोह्याच्या वाटीएवढा पाय. मी हललो नाही.

"झालं," आप्पा म्हणाले. "पायाळूचा पाय लागला. आता तीन दिस वजन उचलायचं न्हाय."

सुजाता उलथनं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी उठून बसलो. मैत्री वळसा घालून पुढं आली, माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही हात वर केले. अर्धे नाही, पुरते.

"पप्पा, उचल."

मी उभा राहिलो. पाय फाकवले, तिच्याजवळ गेलो, खाली बसलो, तिला छातीशी घेतलं आणि श्वास सोडत उठलो. साडेअकरा किलो कागदापेक्षा साडेअकरा किलो पोरगी जड असते. कागद हातपाय झाडत नाही. आणि कागद गळ्याला मिठी मारत नाही.

"आरं, पथ्य मोडलंस की रं!" आप्पा ओरडले.

"मोडलं," मी म्हणालो, आणि तिला घेऊन, कंबर न पिळता, पावलं टाकत वळलो.